आडनावातली धर्मापुरी

माझ्या आडनावातलं गाव मी वयाची साठी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. बीडच्या बसस्थानकात उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कुटं जायचंय?" मी म्हणाले, "धर्मापुरी." आयुष्यभर मी हा शब्द सही करताना, बँकेत, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत शेवटी 'कर' जोडून उच्चारलेला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो नुसता उच्चारला. त्या गृहस्थांना अर्थातच त्यात काही विशेष वाटलं नाही. "परळीची गाडी धरा, थितून दुसरी भेटंल," म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले.

माझं नाव रिबेका धर्मापुरीकर. राहणार ठाणे. नोकरी सगळी एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव बदललं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. फार जुन्या काळी कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. ती माणसं अलिबागच्या आसपास गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं त्या त्या गावांवरून पडली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. आमच्या समाजातली आडनावं वाचत गेलं की कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या रायगडचा, जुना नकाशाच डोळ्यांपुढे येतो.

त्या नकाशात धर्मापुरी कुठेच नाही. ती समुद्रापासून शेकडो मैल आत, मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यात. लहानपणी प्रार्थनामंदिरात नवे लोक आडनाव विचारत आणि ऐकून हसत. "धर्मापुरी? तिथे कुठे आलंय आपलं कोणी?" वडिलांना एवढंच ठाऊक होतं की त्यांचे आजोबा, सामाजी, हे आडनाव लावणारे पहिले. मूळचं घराणं नवगावकरांचं. सामाजींना त्यांच्या काकांनी मुंबईत गोदीत सुतारकामाला लावलं, तेव्हा कारकुनाने नाव विचारलं. काका म्हणाले, "नवगावकर लिहा." सामाजी म्हणाले, "धर्मापुरीकर." काकांनी तिथेच चारचौघांत त्यांच्या मुस्काटात मारली, तरी ते बधले नाहीत. पुढे काका-पुतण्यांचं बोलणं कायमचं तुटलं. एवढा हट्ट कशासाठी, ते सामाजींनी आपल्या मुलांनाही सांगितलं नाही. फार अबोल माणूस होता म्हणतात. नंतर ते कराची बंदरात कामाला गेले आणि तिथेच वारले.

माझा भाऊ इस्रायलला गेला. त्याच्या मुलांनी तिकडे सुटसुटीत हिब्रू आडनाव घेतलं. गेल्या वर्षी भाऊ वारला आणि माझ्या ध्यानात आलं की हे आडनाव आता माझ्या एकटीपाशी उरलं आहे. तेव्हा ठरवलं, हे गाव एकदा पाहून यायचं. तिथे काही सापडेल अशी आशा मला खरोखर नव्हती.

परळीची गाडी वेळेवर सुटली. दिवाळी नुकती झालेली. रस्त्याने ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक भेटत होते. भांडीकुंडी, गोणपाटं, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर बसलेल्या, डोक्यांना रुमाल बांधलेल्या बाया. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. माती इतकी काळी की त्यावर तो कापूस कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा दिसे. मी कोकणी माणूस, मला डोंगर नि झाडी यांची सवय. इथे नजर कुठे अडतच नव्हती. आभाळ एवढं मोठं असतं हे विसरायला झालं होतं.

सिरसाळ्याला गाडी पंक्चर झाली. कंडक्टरने "चहापानी करून घ्या" असं जाहीर केलं आणि सगळे उतरले. स्टँडसमोर आडतीची दुकानं, सोयाबीनची पोती आणि मधोमध एक फळवाली बसली होती. तिच्या टोपलीतल्या सीताफळांचे डोळे इतके मोठे उघडले होते की हात लावला तरी फुटतील. मी तिथेच एका खोक्यावर बसून सीताफळ खाऊ लागले. बाई साधारण माझ्याच वयाची, डोईवरून ओढणी घेतलेली.

"कहाँ कू जारे, बाई?" तिने विचारलं.

"धर्मापुरीला."

"रिश्तेदार है क्या वहाँ?"

"नाही. आमचं आडनाव धर्मापुरीकर आहे. पण गाव कधी बघितलं नाही. म्हणून चालले."

तिला ते फार नवलाचं वाटलं. नावातलं गाव बघायला एवढ्या लांबून कोणी येतं का? मग नेहमीचा प्रश्न आला. "तुमी कोन लोक?"

मी सांगितलं की ज्यू. तिला कळेना. मी म्हणाले, "यहुदी."

तिने हातातलं तागडं खाली ठेवलं. "यहुदी? मूसा अलैहिस्सलाम के लोगाँ?" (मूसा म्हणजे आमचे मोशे. त्यांचं नाव घेताना मुसलमान मंडळी 'त्यांच्यावर शांती असो' असं अदबीने म्हणतात.)

"हो, त्यांचेच."

"किताब में सुने थे," ती हळूच म्हणाली. "आज देखे." मग तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं सीताफळ निवडून माझ्या पिशवीत घातलं आणि पैसे घेईना. "गाव मिल जाएगा, बाई," गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीशी येऊन म्हणाली. "अल्ला ने नाम में रखा सो कायकू गुमता?"

परळीला गाडी बदलली आणि दुपार कलायच्या आत धर्मापुरीत उतरले. समोर पाटी होती. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत माझं आडनाव, 'कर' गळून पडलेलं. मला वाटलं होतं की आपण फोटो काढू. पण मी नुसतीच उभी राहिले. गावात शिरणारी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला उगाच वाटत होतं की कोणीतरी विचारील, आलीस का?

कोणी विचारलं नाही. गावातल्या जुन्या देवळाची वाट तेवढी एकाने दाखवली. ते महादेवाचं देऊळ बघून मात्र मी थक्क झाले. गावाच्या कडेला, बाभळी नि घरांच्या मधे, काळ्या दगडात कोरलेलं ते काम अचानक समोर येतं. बाहेरच्या भिंतीवर दगडी बाया उभ्या. एक आरशात बघते आहे, एक नाचता नाचता थांबली आहे. बोटांवरची पेरंसुद्धा दिसतात. आमच्यात मूर्ती निषिद्ध. प्रार्थनेत मूर्तीपुढे हात जोडायचे नाहीत असं लहानपणापासून शिकलेली मी, पण त्या भिंतीभोवती चालताना आपोआप चपला काढून हातात घेतल्या होत्या. माझे पणजोबा या गावातले असतील, तर त्यांनी हे पाहिलं असेल. या दगडी बायांच्या पायाशी खेळलेही असतील.

मग चौकशी सुरू केली. देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारलं की फार पूर्वी इथे ज्यू, यहुदी, शनवार तेली असं कोणी राहत होतं का. त्यांनी आपसांत बराच विचार केला.

"न्हाई बाई," एकजण म्हणाले. "हितं लिंगायत हायत, मराठे हायत, मुसलमान हायत, धनगर हायत. ह्ये तुमी म्हन्ता तसं कोनी न्हाई."

दुसरे म्हणाले, "लातूर जिल्ह्यात इचारा." त्यात कुठलाच तर्क नव्हता, पण मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी काहीतरी सांगितलं असावं.

मी उठले. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून पाण्याची बाटली घ्यायला पेठेतल्या एका किराणा दुकानात गेले. दुकान पुढे, मागे राहतं घर. घर सिमेंटचं, नवं; पण दुकानातून घरात जायच्या दाराची चौकट मात्र जुनी सागवानी, तेलाने काळी पडलेली. दुकानदार पन्नाशीचे, कपाळाला विभूती. त्यांना परळीला माल आणायला जायचं होतं. मला बाटली देऊन त्यांनी आत वळून हाक मारली, "आई, मी जाऊन येतंव गं." आणि निघण्यापूर्वी ते त्या चौकटीपाशी गेले, कमरेत वाकले, उजव्या बाजूच्या खांबाला खालच्या अंगाला बोटं टेकवली आणि ती बोटं ओठांना लावली.

माझ्या हातातली बाटली पडली.

हे का झालं ते सांगायला हवं. आमच्या प्रत्येक घराच्या दाराला, उजव्या खांबावर, एक लहानशी नळी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात. तिच्यात शास्त्रातली वचनं लिहिलेलं चामडं गुंडाळलेलं असतं. घरातून बाहेर पडताना नि आत येताना आम्ही तिला बोटं टेकवतो आणि बोटांचं चुंबन घेतो. मी रोज करते. हिंदू घरात उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावताना पाहिलं आहे. ओठांना लावताना कधीच नाही.

"ते तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय क्येलं?" ते बाटली उचलून देत म्हणाले.

"त्या चौकटीला हात लावून..."

"ह्ये व्हय? परगावाला निघताना करायचं असतंय आमच्यात."

"पण का?"

ते हसले. "कावून म्हंजे? आज्या-पंज्यापासून चालत आलंय. घर पाडून बांधलं, पर आईनं ती चौकट काही हलवू दिली न्हाई."

"आणि एवढं वाकून का? वर का नाही लावत?"

"थितंच लावायचा असतोय," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. "तुमी बसा जरा. आईला इचारा. तिला ठावं हाय समदं." त्यांनी स्वतः परळीचा बेत रद्द केला आणि मला आत नेलं.

मी जाता जाता त्या जागेकडे पाहिलं. खांबावर, माझ्या कमरेच्याही खाली, लाकूड वाटीसारखं खोलगट नि गुळगुळीत झालं होतं.

त्यांच्या आईचं नाव काशीबाई. ऐंशीच्या पुढच्या, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगाने चिंचोक्यासारख्या काटक. धान्य निवडत बसल्या होत्या. मुलाने सांगितलं, "आई, ह्या बाई ठान्याहून आल्यात. चौकटीचं इचारत्यात." त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मला जवळ बसवून घेतलं.

"त्ये आमच्या सामाचं हाय," त्या म्हणाल्या.

मी आणखी पुढे सरकून बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. सासूकडून ऐकलेलं, सासूने तिच्या सासऱ्यांकडून, बसवंतअप्पांकडून ऐकलेलं. बसवंतअप्पा स्वतः त्यात होते.

निजामाचा काळ. मोमिनाबादेला (म्हणजे आताच्या अंबाजोगाईला) पलटणीची छावणी होती. तिथल्या दवाखान्यातला एक माणूस बदली होऊन बायको-पोराला घेऊन बैलगाडीने निघाला आणि वाटेत या गावात मुक्कामाला थांबला. त्या साली पटकी (कॉलरा) आली होती. नवरा एका दिवसात गेला. गाडीवान बैल सोडून पळाला. बाईही आजारी. ही माणसं कोण, कुठल्या जातीची, कोणालाच ठाऊक नाही. भीतीने कोणी जवळ जाईना. तेव्हा या दुकानाची मालकीण, बसवंतअप्पांची आई गौराबाई, पदर खोचून तिथे गेली.

"घरात बसवंतअप्पाचा तान्हा भाऊ व्हता," काशीबाई म्हणाल्या. "नवरा म्हनला, पटकी घरात आनशील. गौराबाई म्हनली, त्या माउलीला पानी कोन पाजंल? ती गौराबाईच्या मांडीवर गेली. जाताना तिनं काय केलं ठावं हाय? लेकराचा हात धरला आन गौराबाईच्या हातात दिला. बोलनं काही झालं न्हाई, बोलायला जीवच ऱ्हायला नव्हता."

मग मृतांचं काय करायचं असा प्रश्न आला. लोक म्हणाले, जाळा. पोरगा रडून सांगू लागला की आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गौराबाईचा नवरा म्हणाला, आमच्यातही पुरतातच (लिंगायतांत दफन करतात). आणि त्याने आपल्या शेतात, आपल्या माणसांच्या शेजारी, त्या दोघांना जागा दिली.

पोरगा सहासात वर्षांचा. नाव सामा. आपलं गाव नवगाव आणि गावाजवळ खारं पाणी आहे, एवढंच त्याला सांगता येई. समुद्र इथे कोणी पाहिलेला नाही. खाऱ्या पाण्याची विहीर असेल असं लोकांना वाटलं. तो बसवंतअप्पांबरोबर वाढला, एका ताटात जेवला. शनिवारी तो दुकानात तागडीला हात लावत नसे. गौराबाईने त्याला कधी लावायला सांगितलाही नाही. घरात मांसमच्छी शिजत नव्हती, तेव्हा खाण्यापिण्याचाही प्रश्न आला नाही.

"आन ही चौकट," काशीबाई म्हणाल्या. "त्याच्या घराच्या दाराला काहीतरी देवाचं असायचं म्हनं. हितं न्हाई. तरी त्यो येता-जाता हात लावायचा आन असा मुका घ्यायचा. पोरांनी बघितलं, पोरं बी करायला लागली. गौराबाईला कोनी तरी म्हनलं, ह्ये काय परक्या धरमाचं घरात? ती म्हनली, देवाला हातच तर लावतोय, ढकलतोय का?"

सामा सोळासतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचा चुलता आला. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला गौराबाईचा नवरा नवगावचं विचारत असे. ते विचारणं तोंडातोंडी फिरत फिरत कधीतरी कोकणात पोचलं होतं. सामा जायला तयार नव्हता. बसवंतअप्पाने चुलत्याला दगड मारले. पण गौराबाई म्हणाली, तुझी मानसं हायत, तुझा धरम हाय, मी त्या माउलीला काय तोंड दाखवू? तिने त्याला तेल लावून न्हाऊ घातलं आणि शिदोरी बांधली.

"तवा त्यो ताडासारखा वाढला व्हता," काशीबाई म्हणाल्या. "तरी जाताना वाकला, आन लहानपनी जितं हात लावायचा थितंच लावला. तवापासून आमी थितंच लावतो. परगावाला जानाऱ्यानं परत यावं म्हनून."

"आणि तो?"

"न्हाई आला." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं, उगाच. "लई वाट बघितली. गौराबाई वाट बघतच गेली. बसवंतअप्पा मरस्तोवर एकच म्हनायचे, सामा कावून आला न्हाई? आपुन काय कमी क्येलं? मोठा झाला, पैशेवाला झाला, आपल्याला इसरला."

त्यांचे चिरंजीव दाराशी उभे राहून ऐकत होते. काशीबाईंना एकदम काहीतरी आठवलं. "तुमी कावून इचारायलाव पर? तुमचं नाव काय म्हनलाव?"

मी अजून नाव सांगितलंच नव्हतं.

"रिबेका," मी म्हणाले. "सामा माझे पणजोबा. माझं आडनाव धर्मापुरीकर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, जणू त्याने तरी ते ऐकलं का याची खात्री हवी होती. "काय?"

मी पुन्हा सांगितलं. गोदीतली गोष्टही सांगितली; नवगावकर लिहायचं नाकारलं, चुलत्याची चपराक खाल्ली, पण गावाचं नाव सोडलं नाही. त्यांच्या मुलांनी, नातवांनी, आम्ही सगळ्यांनी तेच लावलं. ठाण्यात, कराचीत, जिथे गेलो तिथे.

"त्यानं... आपल्या गावाचं नाव लावलं?"

"हो."

"चुलत्याचा मार खाऊन?"

"हो. आणि अजून एक," मी म्हणाले. "सामाजींना एकच मुलगी झाली. माझ्या आजोबांची बहीण. आमच्याकडे सगळ्यांची नावं हन्ना, मिर्यम, दीना. पण या मुलीचं नाव त्यांनी गौरा ठेवलं. मी तिला पाहिलंय. आम्हाला वाटायचं, शेजारच्या कोणाचं ऐकून ठेवलं असेल."

काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते आधी कळेना. मग त्या मोठ्याने, कोणाला तरी दुसऱ्या खोलीत ऐकू जावं तशा म्हणाल्या, "अप्पा! इसरला न्हाई वं त्यो! इसरला न्हाई!" कितीतरी वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला त्या सांगत होत्या, आणि त्या क्षणी मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मी त्यांचा हात धरला. तो का आला नाही हे मलाही ठाऊक नाही, आता कोणालाच कळायचं नाही. तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नसंना का. ह्ये पुरं झालं."

मला जेवल्याशिवाय सोडायचा प्रश्नच नव्हता. सुनेने धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या) केले, सोबत दही आणि कारळाची चटणी. सिरसाळ्याचं सीताफळ मी पुढे केलं, ते सगळ्यांनी वाटून खाल्लं. बातमी गल्लीत पसरली होती. पारावरचे तेच म्हातारे आले आणि म्हणाले, "अवं, सामाचं इचारायचं व्हतं व्हय! मग तसं म्हनायचं न्हाई का!"

उन्हं कलल्यावर आम्ही शेतात गेलो. कापसाच्या कडेला एक जुना लिंब होता (इकडे कडुनिंबाला लिंब म्हणतात), त्याच्या सावलीत त्यांच्या घराण्याच्या समाध्या. त्यांच्याच रांगेत, जराही वेगळे न काढलेले, दोन साधे काळे दगड. दगडांवर अक्षर नव्हतं. सभोवार गवत खुरपून काढलेलं होतं.

"सर्वपित्रीला आमच्या मानसांसंगं ह्यान्लाबी निवद ठिवतो," काशीबाई म्हणाल्या. "बाईचं नाव साराबाई. लेकरू सांगायचं. बाप्याचं न्हाई ठावं. समदे दवाखानेवाले म्हनायचे."

साराबाई. आमच्या घरात हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. "त्यांचं नाव बिन्यामीन," मी म्हणाले. "सामाजी बिन्यामीन धर्मापुरीकर, असं लावायचे ते."

"बिनामीन," काशीबाईंनी त्या दुसऱ्या दगडाकडे बघून सावकाश म्हटलं. आत्ताच ओळख करून दिलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

आमच्यात कबरीवर फुलं नाहीत, खडा ठेवतात. मी दोन खडे ठेवले. हाताने डोळे झाकले आणि 'शेमा' म्हटली, आमची सगळ्यात जुनी प्रार्थना. या मातीत त्या शब्दांचा आवाज मघापर्यंत एका लहान पोराच्या तोंडूनच काय तो झाला असेल. डोळे उघडले तेव्हा काशीबाईंनीही दोन खडे शोधून ठेवले होते. मग त्या थोड्या सरकल्या आणि एक तिसरा खडा त्यांनी शेजारच्या, सगळ्यात मोठ्या समाधीवर ठेवला. ती गौराबाईंची होती.

त्या कुटुंबाने मला माहेरवाशिणीसारखं पाठवलं. खण, नारळ, तांदूळ. निघताना मी त्या चौकटीशी वाकले. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली. बोटं त्या खळग्यात बरोबर बसली. किती हातांनी तो घडवला असेल, आणि त्यांतला फक्त एक आमचा.

परतीच्या वाटेवर दिवेलागणीला परळी गेली, मग सिरसाळा गेला, आणि मी खिडकीशी बसून राहिले. आडनाव म्हणजे आपण कुठून आलो याची खूण, असं मला वाटत आलं होतं. नवगाव हे आमचं मूळ आहेच, ते नाकारायचं कारण नाही. पण सामाजींनी उपकार करणाऱ्यांच्या गावाचं नाव लावून आयुष्यभर ते मोठ्याने उच्चारलं आणि कारण कोणाला सांगितलं नाही. आम्ही पिढ्यान्पिढ्या एका बाईचे आभार मानत होतो आणि आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी ठाण्याच्या आमच्या प्रार्थनामंदिरात गेले आणि हज्जानांना (प्रार्थना म्हणणाऱ्यांना) सांगितलं की मला हश्कावा म्हणून घ्यायची आहे, म्हणजे मृतांच्या आत्म्यासाठीची प्रार्थना. तीत मृताचं नाव वडिलांच्या नावासकट घेतात. मी बिन्यामीन आणि साराबाई ही नावं दिली. त्यांच्या वडिलांची नावं ठाऊक नाहीत असं मी सांगितलं, तेव्हा हज्जान म्हणाले, "काही हरकत नाही, आपले सगळ्यांचे बाप अब्राहाम. तसं म्हणू." मग मी तिसरं नाव सांगितलं.

"गौराबाई?" त्यांनी वर पाहिलं. "या कोण? आपल्यातल्या?"

मी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. मागच्या बाकांवरची मंडळी ऐकत होती. हज्जान वयस्क गृहस्थ, नियमांना फार पक्के. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. मला वाटलं, नाही म्हणतील.

मग त्यांनी टोपी सारखी केली, प्रार्थना सुरू केली, आणि बिन्यामीन व साराबाई यांच्या मागोमाग, त्याच सुरात, त्याच संथ लयीत त्यांनी नाव घेतलं: "गौराबाई धर्मापुरीकर."

सगळे म्हणाले, "आमेन."